मृणालच्या हाडांचा फोटो

॥ श्री ॥

रानडे रोड, दादर, मुंबई.
शुक्रवार, दि. ३० डिसेंबर १९५५

सौ. कृष्णाबाई दिघे यांस,
मथुरा ताम्हणे हिचा सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. पोह्याचे पापड आणि सोड्यांची पुरचुंडीही पोचली. सुक्या मासळीचा तो वास पोस्टमनच्या आधी जिन्यावर आला आणि वरच्या मजल्यावरच्या जोशीबाईंनी त्या दिवसापासून माझ्याशी अबोला धरला आहे. तेवढीच शांतता. तुमच्या लेकीने पुरचुंडी नाकाशी धरली ती सोडेचना. शेवटी त्याच दुपारी सोड्याची खिचडी केली आणि तिने ती पातेल्याच्या तळापर्यंत खरवडून खाल्ली. रमाकांत कचेरीतून आला तेव्हा त्याच्या वाट्याला पिठलं. बायकोपुढे तो काही बोलत नाही, म्हणून मीच दोन शब्द बोलून घेतले.

मृणालची तब्येत बरी आहे. पायावर थोडी सूज येते, संध्याकाळपर्यंत उतरते. चेहरा उजळलाय. माझ्या बहिणीचं, गिरगावातल्या नलूचं, म्हणणं की मुलगी होणार. मी म्हटलं, होऊ दे, या घरात बोलणारं कुणीतरी हवंच आहे.

आता तुम्ही लिहिलंत त्याबद्दल. संक्रांतीच्या सुमाराला गुरुदत्तला पाठवता आणि त्याच्या बहिणीला पेणला नेता, असं लिहिलंत. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मला का ठाऊक नाही? रमाकांतच्या वेळी मी स्वतः रोह्याला गेले होते. तुम्ही सातव्यात न्यायची म्हणत होता, पण नोव्हेंबरात इकडे गोळीबार झाला, माणसं पडली, तेव्हा तुम्हीच थांबलात. मग आठवा लागला, आठव्यात प्रवास नको म्हणून पुन्हा थांबलात. मान तुमचाच आहे, त्यात मी हात घालत नाही.

तरी माझं एक मागणं आहे. बाळंतपण इथे दादरला होऊ द्यावं आणि तुम्हीच इकडे यावं. महिनाभर आधी या. माझी खोली तुम्हाला देते, मी स्वयंपाकघरात झोपेन. तिच्या उशाशी तुम्ही असाल, डिंकाचे लाडू तुमच्या हातचे होतील, पाचवी तुम्ही पुजाल. फक्त जागा बदलेल. इथे कीर्तिकरबाई डॉक्टर आमच्या मागच्याच गल्लीत आहेत, त्यांचा हात चांगला आहे आणि त्या म्हणतात, पहिलटकरीण आहे, डोळ्यांसमोर असलेली बरी. शिवाय धरमतरची लाँच, पुढे एस. टी.चे धक्के, अवघडलेली पोर. तुम्ही विचार करा.

कीर्तिकरबाईंनी एक फोटोही काढायला लावला. हाडांचा, एक्स-रे म्हणतात तो. हल्ली काढतात म्हणे. प्रार्थना समाजाजवळ एका डॉक्टरांकडे यंत्र आहे, तिथे टॅक्सीने नेऊन आणली. विशेष काही नाही. त्यात बाळ दिसतं, खरंच दिसतं हो, उलटं निजलेलं, पाठीच्या कण्याची बारीक माळ आणि डोकं. मी डोळ्यांनी पाहिलं. बाकी त्यातलं मला काय कळतं.

हो, एक विचारायचं होतं. मृणाल लहानपणी झोपाळ्यावरून पडली आणि उजवा पाय मोडला, तेव्हा ती नेमकी किती वर्षांची होती? हाड कुणी बसवलं? सहज विचारते. डॉक्टरांनी विचारलं म्हणून.

इकडे संयुक्त महाराष्ट्राच्या सभा रोजच्या आहेत. मुंबई आपल्याला देणार नाहीत असं जो तो बोलतो आहे. रमाकांत सभांना जातो आणि घसा बसवून येतो. तुम्ही त्याची काळजी करू नका, ती मी करते.

भावोजींना नमस्कार, गुरुदत्तला आशीर्वाद. येण्याचं लवकर कळवावं. मी वाट पाहते आहे.

तुमची,
मथुरा


दादर, मुंबई.
मंगळवार, दि. १७ जानेवारी १९५६

सौ. कृष्णाबाईंस नमस्कार.

क्षेमकुशल लिहायचं राहू द्या. मृणाल तुमच्याकडे परवा सुखरूप पोचली असेल. तिला उठून चालू देऊ नका आणि हे पत्र हाती पडल्याबरोबर तिला घेऊन अलिबागच्या सरकारी दवाखान्यात जा. सुईणीला हात लावू देऊ नका. कळा सुरू व्हायच्या आत जा. कारण खाली लिहिते, पण आधी तिला न्या आणि मग उरलेलं वाचा.

मी तुम्हाला गेल्या पत्रात खरं लिहिलं नाही. तुम्हीही मला लग्नात खरं सांगितलं नाहीत. आज हिशेब मांडायला बसलेली नाही मी, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्या फोटोत बाळ दिसलं हे खरं. पण फोटो उजेडाकडे धरून कीर्तिकरबाई बराच वेळ बाळाकडे पाहतच नव्हत्या. मृणाल बाहेर बाकावर बसली होती. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि उजव्या खुब्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "मथुराबाई, सुनेला काय झालं होतं?" मी म्हटलं, झोपाळ्यावरून पडली, पाय मोडला. त्या म्हणाल्या, "मोडलेलं हाड असं दिसत नाही. हा सांधाच झिजून बसलाय. जुना आजार आहे, लहानपणचा." मी विचारलं, कसला? त्यांनी दार लोटलं आणि सांगितलं.

क्षय. हाडाचा.

तुम्हाला ठाऊक आहे, या घरातला कर्ता माणूस त्याच दुखण्याने गेला. रमाकांतच्या वडिलांची थुंकीची वाटी मी स्वतः धुतली आहे. हा शब्द ऐकला की माझ्या हाताला अजून त्या फिनेलचा वास येतो. सोयरीक जमली तेव्हा मी तुम्हाला हेही सांगितलं होतं, काही न लपवता, तुमच्या ओटीवर बसून. तुम्ही मान हलवलीत, चहा पुढे केलात आणि म्हणालात, "आमच्याकडे देवाच्या दयेने असलं काही नाही." मृणाल तेव्हा पाटावर बसलेलीच होती. आम्ही यायच्या आधीपासून बसलेली होती. तिला एकदासुद्धा चालवून दाखवली नाहीत. नंतर चालताना लचक दिसली तेव्हा झोपाळा सांगितलात आणि मी तो घेतला, कारण पोर मला पहिल्या नजरेतच आवडली होती.

खरं सांगते, त्या दिवशी माझं माथं फिरलं. टॅक्सीत मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. घरी आल्यावर तिने पाण्याचा पेला पुढे केला तो मी घेतला नाही. कीर्तिकरबाई मला दहादा सांगत होत्या की तो आजार कधीच बरा झालाय, त्याची आता कुणाला भीती नाही. पण डोक्यात शिरत नव्हतं. मला फसवलं, एवढंच शिरत होतं.

मृणालने तो पेला खाली ठेवला आणि विचारलं, "आई, काय दिसलं फोटोत?"

"बाळ दिसलं."

"आणि?"

ती माझ्या समोर जमिनीवर बसली. तिला खाली बसायला किती त्रास होतो हे मी रोज पाहते आणि तरी मी तिला उठ म्हटलं नाही. मग तिने आपणहून सगळं सांगितलं. मिरजेच्या इस्पितळात कशी ठेवली होती, कमरेपासून पायापर्यंत प्लॅस्टर, पलंगाला बांधलेली, भिंतीवरची पाल मोजत पडलेली. तुम्ही पेणहून येत होता आणि खिडकीतून तिला चिंचेच्या गोळ्या देत होता. घरी आल्यावर तुम्ही तिचा हात देव्हाऱ्यावर ठेवून म्हणवून घेतलंत की झोपाळ्यावरून पडले. सहा वर्षांची पोर, तिने ते इतकं घोकलं की पुढे तिला तो झोपाळा आठवायलाही लागला, दोरी तुटल्याचा आवाजसुद्धा.

मी तिला जवळ घेतलं, कृष्णाबाई. आणखी काय करणार होते?

मग ती म्हणाली, "तुम्हाला कळलंय हे पेणच्या आईला कळू देऊ नका. ती या घराची पायरी पुन्हा चढायची नाही. तिचा स्वभाव तुम्हाला माहीत नाही. आणि मला बाळंतपणात ती हवी."

मी म्हटलं, "अगं, तू आहेस तोवर माझ्या तोंडून अक्षर निघायचं नाही. झालं? आता ते पाणी आण इकडे."

ती हसली. पाणी प्यायले मी.

आता मुख्य गोष्ट. कीर्तिकरबाईंना क्षयाची काळजी नव्हतीच. त्यांनी दुसरं दाखवलं. कमरेच्या हाडांची जी कडी असते, ज्यातून मूल खाली येतं, ती मृणालची एका अंगाला दबलेली आहे. वाढीच्या वयात तो पाय टेकलाच नाही, सगळा भार डाव्या बाजूवर, त्यामुळे हाडं तशीच वाकडी वाढली. तुम्ही आम्ही कासाराकडे बसतो, बांगडी लहान पडली की तो हात दाबून, तेल लावून चढवतो. इथे दाबण्यासारखं काही नाही. बाई म्हणाल्या, "मूल या वाटेने येणार नाही. कळा सुरू झाल्या की डोकं अडेल आणि मग दोघांच्या जिवावर बेतेल. दिवस भरत आले की मी ऑपरेशन करून काढीन. तसं केलं तर दोघंही ठणठणीत राहतील. फक्त तिला माझ्यापासून लांब पाठवू नका. आणि तिला आत्ताच हे सांगून घाबरवू नका."

म्हणून मी तिला सांगितलं नाही. रमाकांतला सांगितलं नाही, कारण त्याच्या पोटात काही राहत नाही. तुम्हाला सांगता येत नव्हतं, कारण हाडं वाकडी म्हटलं की ती का वाकडी हे आलंच, आणि शब्द दिलेला. म्हणून ते गोडगोड पत्र लिहिलं. त्यात झोपाळ्याचा प्रश्न घातला. मला वाटलं, तुम्ही समजाल, समजून न बोलता इकडे निघून याल आणि कुणाचीच मान खाली जाणार नाही. फार हुशारी केली मी.

तुम्ही समजलात, पण भलतंच. तुमचं उत्तर आलं, दोन ओळींचं. "आमच्याकडे डॉक्टर नसला तरी हात आहेत. माझी पाचही बाळंतपणं याच खोलीत झाली. गुरुदत्त संक्रांतीला येतो आहे." झोपाळा तुम्ही वगळलात. तुम्ही घाबरलात, हे आता कळतं मला. आणखी प्रश्न निघायच्या आत, आणखी फोटो निघायच्या आत लेक आपल्या घरात आणावी, असं वाटलं ना?

आता मृणालच्या सामानातली माझी हिरवी शाल काढा आणि तिला गुंडाळून न्या. प्रवासात गार लागेल.

दुपार. रमाकांतला आत्ता सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, तू मला रविवारी का नाही सांगितलंस?" चपला अडकवून तुम्हाला तार करायला गेला. काल संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, मुंबई महाराष्ट्राला नाही, दिल्लीच्या ताब्यात राहणार. तेव्हापासून रस्त्यावर ओरडा चालू आहे. दुकानं बंद. कोपऱ्यावर टायर जळताहेत.

रमाकांत परत आला. तारघर बंद. टपालाची पेटीही कुणीतरी उपटून रस्त्यात आडवी टाकली आहे. हे पत्र उद्या जाईल.


गुरुवार, दि. १९

पत्र गेलं नाही. संचारबंदी लागली आहे. काल सकाळी रमाकांत म्हणाला, चालत भाऊच्या धक्क्यावर जातो, लाँच मिळाली तर पेण गाठतो. मी त्याला जाऊ दिलं. तो गेला आणि आलाच नाही. आज दूधवाला कुशाबा मागच्या गल्लीतून आला, त्याने सांगितलं, "तुमच्या रमाकांतला लालबागला पोलिसांनी गाडीत घातलं. मार नाही बसलेला, बाई, मी बगितला त्याला. नुसता गाडीत बसलेला. तुम्ही घाबरू नका." कुशाबाच्या स्वतःच्या कपाळावर रुमाल बांधलेला होता आणि त्यातून रक्त येत होतं. तो मला सांगतो, घाबरू नका.

गल्लीतल्या गल्लीत कीर्तिकरबाईंकडे जाऊन आले. त्यांच्याकडे फोन आहे. त्यांनी पेणला ट्रंककॉल मागितला, लागला नाही, पुन्हा मागितला. मी समोर बसून होते. मृणाल पेणला गेली म्हटल्यावर त्यांनी मला रागावायला तोंड उघडलं, पण माझ्याकडे पाहून पुन्हा फोन उचलला. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी विचारलं, "दिवस भरायला अजून अवकाश आहे ना?" त्या म्हणाल्या, "तारखा आपण मांडतो, मथुराबाई. मूल त्या वाचत नाही."

किंक्रांतीच्या सकाळचं लिहिते, ते सारखं डोळ्यांपुढे येतं. तुम्हाला गुरुदत्तने हसत हसत सांगितलं असेल, की मृणालच्या सासूबाई आडव्या आल्या. मी म्हटलं, आज किंक्रांत, आज कुणी उंबरा ओलांडत नाही. तो म्हणाला, "मावशी, मला सोमवारी कचेरीत हजर व्हायचंय. आणि किंक्रांत काय घेऊन बसलात, तुम्ही इतक्या शिकलेल्या!" मी म्हटलं, तिचं डोकं दुखतंय. मृणाल आतून ओरडली, "नाही हो, छान आहे मी!" मी म्हटलं, खाडीला आज भरती मोठी आहे. कुठून सुचलं देव जाणे, मला भरतीओहोटीतलं ओ की ठो कळत नाही. खरं कारण गिळून मी अशी खोटी कारणं एकामागून एक पुढे करत होते आणि तो पोरगा एकेक बाजूला सारत होता. आदल्या दिवशी हलव्याचे दागिने घालून तिला सजवली होती, काळ्या साडीत. तिने हलव्याची बिंदी तेवढी काढायची नाही म्हणून हट्ट धरला. ती तशीच केसांत घेऊन जिना उतरली, कठड्याला धरून, उजवा पाय आधी, मग डावा.

वळणावर थांबून वर बघत म्हणाली, "आई, लक्षात आहे ना?"

मी मान हलवली. तिला दिलेला शब्द मी पाळला, कृष्णाबाई. जिन्याच्या त्या वळणावर तो मोडायला हवा होता. एवढंच ओरडायला हवं होतं, की गुरुदत्त, थांब, तिला नेलीस तर ती जगणार नाही. शेजारच्या चार घरांनी ऐकलं असतं. तुम्ही जन्मभर माझं तोंड पाहिलं नसतं. बरं, नसतं पाहिलंत.


शनिवार, दि. २१

खिडक्या लावून बसले आहे, अश्रुधुराने डोळे चुरचुरतात. परळच्या बाजूने आवाज येतात. आधी मला वाटलं कुणी फटाके लावतंय. माणसं मेली, असं जो तो म्हणतो आणि आकडा प्रत्येकाचा वेगळा. वरच्या जोशीबाई खाली येऊन माझ्याकडे झोपतात, सोड्यांचा राग विसरल्या. माझं पत्र देव्हाऱ्यात ठेवलंय, टपाल सुरू झालं की पहिल्याने पडावं म्हणून.

मी तो फोटो कपाटातून काढला. दुपारच्या उजेडाला धरून बसले. सवयीने आता मलाही दिसतं. ही मृणालची कमर. ही डावी बाजू, गोल. ही उजवी, आत गेलेली. आणि वर बाळाचं डोकं. खाली न उतरलेलं, थांबलेलं. जोशीबाईंना दाखवलं नाही.

एक विचार मनात आला तो लिहून टाकते. तुम्हाला हे सगळं माहीत असेल का? हाडांचं नाही, तेवढं कुणाला कळणार. पण मिरजेच्या डॉक्टरांनी तुम्हाला काही सांगितलं असेल, की या मुलीला पुढे जपा? तुम्ही ते त्या झोपाळ्याबरोबर गाडून टाकलंत का? मला तुमचा राग यायला हवा. येत नाही. तुम्ही लेकीचं लग्न व्हावं म्हणून गप्प बसलात, मी तिने आनंदात राहावं म्हणून गप्प बसले, ती तुम्ही यावं म्हणून गप्प बसली. सगळ्यांनी तिच्या मायेनेच तोंड मिटून घेतलं. भीती वाटते मला, फार भीती वाटते.


भाऊचा धक्का
सोमवार, दि. २३

आज सकाळी संचारबंदी थोडा वेळ उठली आणि तारवाला आला. तार गुरुदत्तची. "मृणाल अडली. ताबडतोब निघा." तारेवर तारीख शुक्रवारची आहे.

म्हणजे शनिवारी मी तो फोटो खिडकीशी धरून बसले होते, तेव्हा तिकडे सगळं चालू होतं.

कीर्तिकरबाईंकडे धावत गेले. त्यांनी अलिबागच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. अजून वेळ आहे का, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी चिठ्ठीला दोनदा घडी घातली आणि म्हणाल्या, "तुम्ही निघा." रमाकांतला अजून सोडलेलं नाही. कुशाबाने दुधाच्या गाडीवर बसवून मला लालबागपर्यंत आणलं, पुढे चालले. रस्त्यात काचा आणि दगड. एका ठिकाणी पोलिसाने अडवलं, पिशवी उघडायला लावली, एक्स-रेचा फोटो उलटापालटा करून पाहिला. "हे काय आहे?" मी म्हटलं, "माझी सून." त्याने सोडलं.

लाँच सुटायला अवकाश आहे. गठड्यावर बसून लिहिते, अक्षर वेडंवाकडं येतंय, माफ करा. पिशवीत फोटो आहे, चिठ्ठी आहे, डिंकाचे लाडू आहेत. लाडू का घेतले ते मलाही कळलं नाही.

हे पत्र आता टपालात टाकण्यात अर्थ नाही. मंगळवारी गेलं असतं तर कामाचं होतं. आता तुम्हाला जे कळायचं ते मी पोचेपर्यंत कळलेलं असेल. मी तेच लाँचची वाट बघत ठरवते आहे, की हे लिहिलेले कागद करायचे काय.

ठरलं ते सांगते. तुमच्या ओसरीवर पाय ठेवल्यावर मृणाल बाजेवर दिसली, फिकुटलेली असो, कशीही असो, पण माझ्याकडे मान वळवून बघणारी, तर मी हे कागद परसदारी जाऊन तुमच्या बंबात घालीन. तिच्या न्हाणीचं पाणी त्यावर तापू दे. फोटोही घालीन. मग मी झोपाळ्याचं नाव काढायची नाही, मिरजेचं नाही, फोटोचं नाही. तुम्ही मला मानाने पाट द्या, मी तुमच्या स्वयंपाकात दोन खोडी काढीन, आपण जशा होतो तशाच विहिणी राहू. तिला दिलेला शब्द मी पाळीन. पण तो शब्द ती आहे तोवरचाच आहे.

म्हणून, कृष्णाबाई, हे कागद मी तुमच्या हातात ठेवले, तर मी त्या शब्दातून सुटले असं समजा. मग एकेक ओळ वाचा. मला काय म्हणायचं ते म्हणा, मीही बसून ऐकेन. आणि संध्याकाळ व्हायच्या आत तो फोटो दाराशी उजेडाला धरून बघा. ती मायलेकरं एकत्र अशी तेवढ्यातच आहेत.

लाँच लागली.

तुमची विहीण,
मथुरा